वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : रुग्णालयातल्या दोन रात्रींत काय घडते?

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ११६ किलो आहे. मधुमेह आहे, आणि झोपेत श्वास अडकत असल्यामुळे रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र लावून झोपते. पुढच्या महिन्यात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, ठरली आहे. शस्त्रक्रिया कशी करतात हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावले आणि दोन रात्री राहावे लागेल असेही सांगितले. पण त्या दोन रात्रींत नेमके काय होते, हे विचारायचे मला त्या वेळी सुचले नाही. किती दुखेल? अतिदक्षता विभागात ठेवतात का? आणि खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. तिथला गाऊन मला बसला नाही, किंवा मला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर हलवताना कुणी काही बोलले, तर मी काय करू? सोबत माझी धाकटी बहीण राहणार आहे. तिने काय करायचे?

उत्तर :

सस्नेह नमस्कार.

तुम्ही जी भीती ‘खरे सांगायचे तर’ असे म्हणून मागाहून लिहिली आहे, तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण तिचा बंदोबस्त आजच एका फोनवर करता येतो. शस्त्रक्रियेच्या विभागात समन्वयाचे काम पाहणारी व्यक्ती असते. तिला फोन करून सरळ विचारा की माझ्या मापाचा गाऊन आहे का, खाटेची, चाकाच्या खुर्चीची आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाची वजन पेलण्याची क्षमता किती आहे, आणि रक्तदाब मोजण्याचा मोठा पट्टा वॉर्डात आहे का. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो आणि त्या चुकीच्या आकड्यावर औषध दिले जाऊ शकते. म्हणजे योग्य मापाचे साहित्य हा तुमच्या उपचाराचाच भाग आहे. ज्या ठिकाणी या शस्त्रक्रिया नेहमी होतात, तिथे हे साहित्य असतेच, आणि तुमच्यासारखे रुग्ण हाच तिथल्या कर्मचाऱ्यांचा रोजचा अनुभव असतो. अनेक ठिकाणी रुग्ण स्वतः चालत शस्त्रक्रियागृहात जातो आणि स्वतःच टेबलावर चढून झोपतो. भुलीनंतर खाटेवर घेताना सरकती चादर किंवा हवेची गादी वापरतात, हातांनी उचलत नाहीत. तरीही कुणी अपमानास्पद बोललेच, तर ते गिळून टाकू नका. वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेला त्याच दिवशी सांगा. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार आहे असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि आजारावर उपचार घ्यायला आलेल्या माणसाने शरमेने मान खाली घालावी असे त्यात काहीही नाही. हे मी मनापासून लिहीत आहे, कारण अवघडलेला रुग्ण दुखले तरी बोलत नाही, मळमळले तरी घंटी वाजवत नाही, आणि या शस्त्रक्रियेत न बोलणे धोक्याचे ठरू शकते.

रुग्णालयातला मुक्काम सोपा जाणार की अवघड, हे बरेचसे आधीच्या पंधरवड्यात ठरते. शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दोन आठवडे तुम्हाला कमी उष्मांकांचा, बहुधा दिवसाला ८०० ते १,००० कॅलरींचा आहार दिला जाईल. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. वजन जास्त असलेल्या माणसाच्या यकृतात चरबी आणि साखरेचा साठा भरून ते मोठे आणि नाजूक झालेले असते, आणि दुर्बिणीतून काम करताना ते बाजूला धरून ठेवावे लागते. या आहाराने ते आकसते आणि शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित होते. मात्र तुम्हाला मधुमेह आहे, म्हणून खाणे कमी झाले की जुन्या मात्रेच्या औषधांनी साखर एकदम खाली जाऊ शकते. हा आहार सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच मधुमेहाच्या डॉक्टरांकडून औषधांच्या बदललेल्या मात्रा कागदावर लिहून घ्या. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते, अशा लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन ते चार दिवस बंद कराव्या लागतात, कारण उपास आणि शस्त्रक्रियेच्या ताणात त्यांच्यामुळे रक्तात घातक आम्ल साठू शकते, आणि तेही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन चालू असेल, तर ते भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. त्याने जठर उशिरा रिकामे होते आणि भुलीच्या वेळी पोटातले वर येण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करणारी औषधे आणि गर्भनिरोधक गोळ्या यांबद्दलही विचारा. यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. तंबाखू किंवा धूम्रपानाची सवय असेल, तर ती मात्र आजपासून बंद, कारण तिने जखम भरणे आणि फुप्फुसांचे काम या दोन्ही गोष्टी बिघडतात.

पिशवीत सर्वांत वर तुमचे सीपॅप यंत्र, त्याचा मास्क आणि नळी ठेवा. रुग्णालयातले यंत्र मिळेलही, पण तोंडावर नीट बसणारा मास्क तुमचाच असतो. त्याखेरीज औषधांची यादी, जुने रिपोर्ट, सैल कपडे, न घसरणारी आणि वाकून बांधावी लागणार नाही अशी पादत्राणे, लांब वायरचा चार्जर आणि ओठांना लावायचे मलम पुरे. दागिने घरी ठेवा आणि नखांचा रंग काढून टाका, कारण रक्तातला प्राणवायू मोजणारा चिमटा बोटालाच लावतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी साधारणपणे सहा तास आधीपासून घन अन्न बंद आणि दोन तास आधीपासून पाणीही बंद असते. तुम्हाला दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. दाखल झाल्यावर वजन, रक्तदाब आणि साखर पाहतील, मनगटावर नावाची पट्टी बांधतील, हातात सलाईनची सुई बसवतील आणि पायांत घट्ट मोजे घालतील किंवा पोटऱ्यांवर हवेने फुगणाऱ्या पट्ट्या लावतील. तुमचे नाव आणि ‘कोणती शस्त्रक्रिया होणार आहे?’ हा प्रश्न तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जाईल. यांना ठाऊकच नाही की काय, अशी शंका त्या वेळी येते. पण ही जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या सुरक्षा तपासणी यादीची पद्धत आहे आणि ती तुमच्याच हिताची आहे. भूल देताना डोके आणि खांदे उंच ठेवून झोपवतात, थोडा वेळ मास्कमधून प्राणवायू देतात, आणि त्यानंतरचे काही तुम्हाला आठवणार नाही.

स्लीव्हमध्ये पोटावर चार ते सहा लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची अरुंद नळी राहते. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेला एक ते दीड तास लागतो, पण आधीची तयारी आणि नंतर शुद्धीवर येईपर्यंतची देखरेख धरून तुम्ही खोलीत परत यायला तीन-चार तास सहज जातात. बहिणीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दीड तास उलटला की बाहेर बसल्या बसल्या तिच्या मनात नाही नाही ते विचार येऊ लागतील.

आता दुखण्याविषयी. जाग येईल तेव्हा घसा कोरडा आणि दुखरा असेल, कारण श्वासाची नळी तिथून गेलेली असते. थंडी वाजेल, गुंगी असेल. पोटाची छिद्रे ताणल्यासारखी दुखतात, विशेषतः उठताना आणि खोकताना. त्या वेळी पोटावर उशी दाबून धरली की बरे वाटते. अनेकांना सर्वांत चमत्कारिक वाटते ती खांद्याची कळ. शस्त्रक्रियेसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल चिडते आणि त्याच्या मज्जातंतूंमुळे ती वेदना खांद्यात जाणवते. ती एक ते तीन दिवसांत ओसरते आणि चालण्याने कमी होते. वेदनाशामके ठरलेल्या वेळी सलाईनमधून मिळतात. झोपेत तुमचा श्वास अडकत असल्यामुळे अफूवर्गातली तीव्र औषधे जपून, कमीत कमी दिली जातील, आणि ते योग्यच आहे. तरीही सहन होत नसेल तर सांगा. शून्य ते दहा यांत किती दुखते असे परिचारिका विचारतील, तेव्हा खरा आकडा सांगा. शूरपणाने तीन सांगून पलंगाला खिळून राहण्यापेक्षा सात सांगून औषध घेणे आणि चालणे शहाणपणाचे आहे.

माझ्या मते तुम्ही वेदनेपेक्षा मळमळीची तयारी जास्त करावी. अशा रुग्णांच्या वॉर्डात काम करताना मी पाहिले आहे की पहिल्या दिवसाची तक्रार बहुतेकदा ‘दुखते’ ही नसते, ‘मळमळते’ ही असते. स्लीव्हनंतर जठर अरुंद आणि सुजलेले असते. स्वतःचीच लाळ गिळताना छातीत अडकल्यासारखे वाटते, फेसाळ उमासे येतात. त्यावर एकापेक्षा अधिक प्रकारची औषधे आहेत. एकाने उतार पडला नाही तर दुसरे मागा. पहिल्या काही उमाश्यांबरोबर थोडे गडद रक्त दिसले तर घाबरू नका, पण ते परिचारिकेला दाखवा. लाल रक्त पुन्हा पुन्हा पडत असेल तर लगेच घंटी वाजवा.

अतिदक्षता विभाग प्रत्येकाला लागत नाही. बहुतेक रुग्ण देखरेखीच्या खोलीतून थेट वॉर्डात येतात. तुमच्या बाबतीत श्वासाचा प्रश्न असल्याने पहिली रात्र सतत प्राणवायू आणि नाडी मोजणाऱ्या विभागात ठेवण्याचे ठरू शकते. तसे झाले तर काही बिघडले असा अर्थ काढू नका. सीपॅपच्या हवेने आतले टाके उसवतील अशी शंका पुष्कळांना येते. तसे होत नाही, उलट त्या रात्री यंत्र लावणे फार गरजेचे असते. डोक्याची बाजू उंच करूनच झोपा.

आणि मग, हातातली सलाईन चालू असतानाच, काही तासांत तुम्हाला उठवून चालायला लावतील. त्या वेळी ते निर्दय वाटेल. पण या शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या धोक्यांपैकी एक म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, आणि तो टाळण्यासाठी मोजे किंवा फुगणाऱ्या पट्ट्या, पोटाच्या कातडीत दिले जाणारे हेपॅरिनचे इंजेक्शन आणि तुमचे चालणे या तिन्ही गोष्टी लागतात. पहिल्या दोन तुम्हाला दिल्या जातात. तिसरी तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही. आधी पलंगाच्या कडेला बसा, चक्कर येत नाही ना ते पाहा, मग कुणाचा तरी हात धरून खोलीच्या दारापर्यंत जा. जाग असेपर्यंत दर दोन तासांनी थोडे चालले तरी पुरे. श्वासाने चेंडू वर उचलायचे छोटे उपकरण देतील, त्याचा दर तासाला दहा वेळा तरी वापर करा. फुप्फुसांचा तळाचा भाग त्याने उघडा राहतो. याच कारणासाठी या मुक्कामाला विश्रांती समजू नका, असे मी प्रत्येकीला सांगते. तिथे रुग्णालाही काम असते.

दुसरे काम पाणी पिण्याचे. परवानगी मिळाली की औषधाच्या लहान पेल्यात ३० मिलिलिटर पाणी देतात आणि ते साधारण पंधरा मिनिटांत, घोटाघोटाने संपवायचे असते. आयुष्यभर पेला तोंडाला लावून पाणी प्यायलेल्या माणसाला ही शिस्त फार जड जाते. छातीच्या मध्यभागी दाब वाटला की थांबायचे, ढेकर येऊ द्यायचा, आणि काही मिनिटांनी पुन्हा सुरू करायचे. घाईने प्यायलात तर उलटी होईल, आणि कंटाळून प्यायचे सोडलेत तर सुटी लांबेल. काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी क्ष-किरणांत दिसणारा द्रव पाजून चित्र काढतात आणि जठराच्या शिवणीतून काही झिरपत नाही ना ते पाहतात. सगळीकडे ही तपासणी करत नाहीत. काहींच्या पोटात निचऱ्याची नळी किंवा लघवीची नळी ठेवतात, काहींच्या नाही. बहीण शेजारच्या पलंगाशी तुलना करू लागली, तर तिला थांबवा.

तुमच्या साखरेत झपाट्याने बदल होईल, हे लक्षात असू द्या. या शस्त्रक्रियेनंतर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत, साखर खाली येऊ लागते, म्हणून इन्सुलिन आणि गोळ्या कमी किंवा बंद केल्या जातात. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. घरी गेल्यावर कपाटातल्या जुन्या पाकिटांतून जुन्याच मात्रा घेण्याची चूक होऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी, बहुधा दुपारनंतर, मन खचते. झोप झालेली नसते, तोंड कोरडे असते, ‘मी हे कशाला ओढवून घेतले’ असे वाटते आणि रडू येते. भुलीची औषधे, पंधरा दिवसांचा अपुरा आहार आणि अचानक थांबलेले खाणे, ज्यात आजवर कितीतरी दुःखे बुडवलेली असतात, यांचा तो एकत्रित परिणाम असतो. निर्णय चुकला असा त्याचा अर्थ लावू नका आणि त्या दिवशी आयुष्याविषयी काही ठरवू नका. त्यातच कुणी वजनकाट्यावर उभे केले तर आकडा वाढलेला दिसेल. तो सलाईनच्या पाण्याचा असतो आणि काही दिवसांत उतरतो. रडू आले तर बहिणीला जवळ बसू द्या. ते आवरायची गरज नाही.

धोक्यांविषयी लपवून ठेवणे मला पटत नाही. अनुभवी ठिकाणी या शस्त्रक्रियेत मृत्यूचे प्रमाण हजारात एकाच्या आसपास, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास आहे. रक्तस्राव, शिवणीतून गळती आणि गुठळी या तीन गोष्टींवर डॉक्टरांचे सतत लक्ष असते. गळतीची पहिली खूण पुष्कळदा नाडीतून कळते : शांत पडून असतानाही ती मिनिटाला १२० च्या वर राहणे, त्याबरोबर ताप, धाप, वाढत जाणारी पोटदुखी, किंवा काहीतरी भयंकर बिघडते आहे अशी अस्वस्थता. ती अस्वस्थता शब्दांत नीट सांगता आली नाही तरी बोलून दाखवा.

दोन रात्री हा अंदाज आहे, करार नाही. कुणी एका रात्रीत जाते, कुणाला तीन लागतात. वजन कमी करण्यासाठीच केली जाणारी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्यांनाही साधारण दोन-तीन रात्रीच लागतात. ताप नाही, नाडी स्थिर आहे, तोंडाने घेतलेल्या औषधांनी वेदना आटोक्यात आहे, लघवी नीट होते, आपापले चालता येते आणि घोटाघोटाने पुरेसे पाणी पोटात राहते, हे जमले की सुटी मिळते. यांतले शेवटचे जमत नसेल आणि तरीही घरी पाठवत असतील, तर ‘आज माझ्या पोटात पाणी राहत नाही’ हे स्पष्ट सांगा.

निघण्यापूर्वी अर्धा तास शांतपणे बसून सुटीचा कागद वाचा. कोणत्या गोळ्या कुटून किंवा द्रवरूपात घ्यायच्या, आम्ल कमी करणारे औषध किती दिवस, पित्ताचे खडे टाळण्याचे औषध आहे का, हेपॅरिनचे इंजेक्शन घरीही घ्यायचे आहे का, हे विचारा. गुठळ्या पुष्कळदा घरी गेल्यानंतरच्या आठवड्यांत होतात, म्हणून काहींना ते दोन ते चार आठवडे चालू ठेवतात. डोकेदुखी किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, त्यांनी जठराला व्रण होऊ शकतात. साधारणपणे दोन आठवडे पातळ, पुढचे दोन आठवडे वाटलेले, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न असा क्रम असतो. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनांचे लक्ष्य असते आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. जड वस्तू चार ते सहा आठवडे उचलायच्या नाहीत.

आता तुमच्या बहिणीविषयी. तिचे पहिले काम म्हणजे वहीत वेळ आणि प्रत्येक पेला टिपून ठेवणे, कारण गुंगीत तुम्हाला किती प्यायलात हे आठवणार नाही. दुसरे काम तुम्हाला चालवणे. तिसरे भेटायला येणाऱ्यांना दाराबाहेर थोपवणे. पहिल्या दिवशी कुणाशीही बोलायची ताकद नसते, आणि ‘एवढेसेच पितेस?’ हे वाक्य तर तेव्हा अजिबात ऐकवत नाही. तिने प्रेमापोटीही तुम्हाला जास्त पाजू नये. डॉक्टर येतील तेव्हा तिने खोलीत असावे, त्यांचे बोलणे लिहून घ्यावे, रात्री सीपॅप लावलेले आहे ना ते पाहावे, आणि हेपॅरिन घरी द्यायचे असेल तर ते टोचायला शिकूनच निघावे. चोवीस तास उचलला जाणारा फोन क्रमांक तिच्या मोबाइलमध्येही असू द्या. घरी आल्यावरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ताप आला, धाप लागली, छातीत दुखू लागले, पोटरी दुखून सुजली, नाडी धडधडू लागली, लघवी गडद आणि कमी झाली, किंवा दिवसभर काहीच पोटात राहिनासे झाले, तर त्याच वेळी त्या क्रमांकावर कळवायचे असते. उलट्या बरेच दिवस चालू राहिल्या तर शरीरातले थायमिन, म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्व, संपून मेंदूला आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते. अशा वेळी तुम्ही ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणालात, तरी तिने ते न ऐकता फोन लावावा.